वीणा चारीत उतरली तेव्हा

या, असे पुढं या. खांबाला टेकून बसलेले तुम्हीसुद्धा या. सतरंजी लांबलचक आहे आणि माझा आवाज आता पहिल्यासारखा पोचत नाही. एक गोष्ट सांगतो. बुवा कीर्तनाच्या उत्तररंगात सांगतात तशी ती जुनी नाही, तिच्यात राजा नाही की ऋषी नाही. एक वीणा आहे, पाण्याच्या पाइपासाठी खोदलेली एक चारी आहे आणि त्या चारीत उतरलेला एक माणूस आहे. ऐकताना जीव थोडा वरखाली होईल. झाला तर होऊ द्या.

नारायणगावाहून खोडदकडं जाताना वाटेत एक मळा लागतो. तीस-पस्तीस घरं, मारुतीचं देऊळ, देवळापुढं पत्र्याचा मंडप आणि शेतांच्या पलीकडं आभाळाकडं तोंड करून बसलेल्या दुर्बिणीच्या तबकड्या. माघात तिथं सप्ता बसतो. सात दिवस नाम चालू राहायचं आणि वीणा जमिनीला टेकायची नाही, हा नेम. त्यासाठी दोन-दोन तासांचे पहारे वाटून दिलेले असतात. ज्याचा पहारा, त्यानं वीणा गळ्यात घालून देवापुढं उभं राहायचं. पुढचा आला की दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचं, आणि वीणा ह्याच्या गळ्यातून त्याच्या गळ्यात. मध्ये खुंटी नाही, भिंत नाही, भुई नाही.

पाचव्या दिवशी दुपारी दोन ते चारचा पहारा सावळेरामचा होता. सावळेराम साठी ओलांडलेला, अंगानं किडकिडीत, पण गळा असा की रामकृष्णहरी म्हणायला लागला की वाटेनं जाणारा चप्पल काढायचा. दुपारचा पहारा कुणाला नको असतो. सगळा मळा कांदा काढायला गेलेला, मंडपात कुत्रंसुद्धा नसतं. सावळेराम दरवर्षी तो मागून घ्यायचा. म्हणायचा, "दुपारी देव बी मोकळा आसतो, निवांत बोलणं व्हतं."

त्या दिवशी मात्र निवांत नव्हतं. रस्त्याच्या कडेनं नळयोजनेची चारी चालली होती. मशीन दुसऱ्या कामावर गेलेलं, घरांजवळचा तुकडा हातानंच खणायचा होता. पहारीचे ठोके मंडपात ऐकू येत होते. ठण्, मग थोडं थांबून ठण्. सावळेरामचा हात नकळत त्या ठोक्यावर तार छेडत होता.

मंडपाबाहेर त्याची सून आरती संध्याकाळच्या पंगतीसाठी चूल मांडत होती. मोठ्या कढईला दगड लहान पडत होते. थोड्या वेळानं ती घमेलं घेऊन गेली आणि विटा घेऊन आली. एक खेप, दुसरी खेप. लाल, जुन्या, पक्क्या विटा. तिनं त्या आपटून झाडल्या तर खाली वाळू पडली. बारीक, कोरडी वाळू.

सावळेरामचं नाम चुकलं.

"आरते, ह्या इटा कुठल्या गं?"

"चारीतल्या, मामा. गफूरभाईंनी दिल्या. म्हणले, सप्त्याच्या कामाला लागत्याल, न्या. लई निघाल्यात म्हणं. एका रांगेत, आडव्या मांडल्यासारक्या."

"आन् खाली?"

"खाली वाळू लागलीय. मऊ. खूश व्हते गफूरभाई. म्हणले, आता चारला घरी."

हे बोलणं आरतीला साधं होतं. सावळेरामला मात्र नव्हतं. कारण त्या विटा त्यानं मांडताना पाहिल्या होत्या.

आठ वर्षांपूर्वी रस्त्यालगतच्या त्याच्याच बांधाच्या कडेनं अकरा हजार व्होल्टची विजेची लाइन जमिनीखालून नेली होती. सावळेराम तेव्हा त्या माणसांना चहा घेऊन जायचा. त्यानं बघितलं होतं: खोल चारी, तळाला वाळू, वाळूवर मनगटाएवढी काळी केबल, तिच्यावर पुन्हा वाळू आणि वाळूवर विटांची रांग. त्यानं विचारलंही होतं, विटा कशाला म्हणून. तिथला माणूस म्हणाला होता, "बाबा, उद्या कुणी खणायला आला तर त्याला आदी इटा लागल्या पायजेत. इट लागली की शाण्यानं हात थांबवायचा." शेवटी त्यांनी ओळखीसाठी गुडघाभर उंचीचे सिमेंटचे दगड रोवले, दर थोड्या अंतरावर एक. दगडाच्या तोंडावर विजेची नागमोडी रेघ कोरलेली.

आणि इथंच मळ्याची गंमत झाली. बयाबाई म्हणून एक म्हातारी आहे, सावळेरामच्या शेजारची. ती बहिणीकडून महिन्यानं परत आली आणि तिला बांधावर एकाएकी उभा राहिलेला दगड दिसला. तिनं त्याला तेल घातलं, शेंदूर लावला. त्याच आठवड्यात तिची आजारी म्हैस उठून उभी राहिली. झालं! म्हसोबा प्रकटला म्हणून नारळ फुटायला लागले. नागमोडी रेघ शेंदराखाली गेली. पुढं रस्ता रुंद करताना मशीननं तो दगड गटारात लोटला, तेव्हा बयाबाई गटाराच्या काठावर बसून रडली. सावळेरामला बघवेना. त्यानं दगड काढला, धुतला, डोक्यावर घेतला आणि टाळांच्या गजरात रस्त्याच्या पलीकडं लिंबाच्या पारावर नेऊन बसवला.

दगड कुठला आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं. धुताना रेघ बोटांना लागली होती. पण म्हातारीच्या डोळ्यांतलं पाणी थांबलं होतं, आणि देव मानावा तिथं असतो, असं मनाशी म्हणून तो गप्प राहिला. पाच वर्षं गप्प राहिला.

ठण्.

"आरते, पळ. गफूरला म्हणावं हात थांबव. खाली लायटीची लाइन हाय."

आरती पळाली. सावळेराम जागच्या जागी येरझारा घालायला लागला. चार पावलं इकडं, चार पावलं तिकडं. तोंडानं रामकृष्णहरी, कान रस्त्याकडं. ठोका थांबला. त्यानं श्वास सोडला. पुन्हा ठण्. ह्या खेपेला आवाज बसका होता, वाळूत गेल्यासारखा.

आरती धापा टाकत परत आली. "त्यो कामावरचा सायेब ऐकंना, मामा. म्हणतो, वहिनी, लाइन पलीकडच्या बाजूला हाय, आमी बघूनच आखलंय."

"भरतला फोन लाव." पुढचा पहारा भरतचा होता.

भरत कांद्याच्या वावरात होता. फोनमधून त्याचा आवाज आला, "आलोच की, दादा. हे शेवटचं पोतं शिवतो आन् निघतो."

भरतचं आलोच म्हणजे काय, ते सगळ्या मळ्याला माहीत होतं. देवापुढं समई तेवत होती. सावळेरामनं एकदा मूर्तीकडं बघितलं, एकदा दाराकडं. वीणा ठेवावी कुठं? ठेवायचीच नव्हती. द्यावी कुणाला? आरतीकडं हात केला तर ती दोन पावलं मागं सरकली.

"मी नाय बाई! बायकांनी कधी घेतलीय?"

"मग टाळ घे आन् माज्या मागनं ये. नाम थांबू देऊ नकोस."

"मामा, वीणा!"

"गळ्यातच हाय ना? भुईला टेकली का?"

आणि तो निघाला. अनवाणी, डोक्याला फेटा, छातीशी वीणा, मागं टाळ वाजवत सून. खडी पायांत घुसत होती, पण त्याला कळत नव्हतं.

चारी कमरेच्या वर खोल गेली होती. आत गफूर. जुन्नरचा, पन्नाशीकडं झुकलेला. हातात पहार धरली की तिला आपोआप तोल येतो, असा माणूस. अर्ध्या जुन्नर तालुक्यातल्या चाऱ्या त्याच्या हातच्या असतील. काठावर त्याची बायको खातून घमेल्यानं माती ओढत होती. सावलीत उभा होता सुपरवायझर आदेश, पंचविशीचा, कानाला फोन.

"गफूर, हात थांबव!"

गफूरनं वर बघितलं आणि हसला. "अरं, बाबा! आज दिंडी हिकडं कशी?"

"थांब म्हणतो ना. तुज्या पायाखाली लाइन हाय. अकरा हजाराची."

गफूरचं हसू तसंच राहिलं, पण पहार हवेत थांबली. आदेश पुढं आला. "काका, मघाशी वहिनी पण आल्या होत्या. अहो, मी काय डोळे मिटून आखलंय का? लाइनीची खूण तिकडं आहे, त्या पारावर. शेंदूर लावलाय तुम्ही लोकांनी, पण मागून सिमेंट बघितलं की कळतं, केबलचा दगड आहे. तो दगड बघूनच मी चारी रस्त्याच्या ह्या बाजूला घेतली. लांब राहायला."

सावळेरामच्या गळ्यातली वीणा एकदम जड झाली. पोरगा बरोबर वागला होता. त्याच्या दगडाकडं बघून वागला होता.

"त्यो दगड मी हालवलाय," तो म्हणाला.

"काय?"

"हितं व्हता. ह्या हितं, जिथं तू हुबा हायेस. गटारात पडला व्हता, मी उचलून तिकडं नेला. लाइन हितंच हाय."

तोवर टाळांच्या आवाजानं आजूबाजूच्या वावरातली माणसं जमली होती. वीणा मंडपाबाहेर आली, हे कुणालाच पटत नव्हतं. बयाबाईही काठी टेकत आली होती आणि तिनं नेमकं हेच वाक्य ऐकलं.

"काय बोलतोस रे सावळ्या? माज्या म्हसोबाला लायटीचा दगड म्हणतोस? सप्त्यात? वीणा गळ्यात घालून?"

"आक्का, म्हणूनच म्हणतोय. वीणा गळ्यात नसती तर अजून गप बसलो असतो."

"माजी म्हैस उठली ती कुणी उठवली मग? वायरमननं?"

लोक हसले. दोघं-तिघं म्हणाले, दादांना ऊन लागलं. आदेशनं घड्याळ बघितलं. "हे बघा, लाइटीच्या ऑफिसला मी पत्र दिलेलं आहे. उद्या सकाळी पाइप बसला पाहिजे. गफूरभाई, एक हात राहिलाय फक्त. वाळूच आहे. मारा चार ठोके आणि मोकळे व्हा."

गफूर आदेशकडं बघत होता, मग सावळेरामकडं, मग खातूनकडं. खातून घमेलं खाली ठेवून उभी होती. ती हळूच म्हणाली, "इटा निघाल्या तवाच मी म्हणलं व्हतं, कुणी पुरलंय काय बगा. तर म्हणे जुनं घर असंल."

"तू गप," गफूर म्हणाला, पण आवाजात दम नव्हता. "सायेब, इचारून घेऊ ना एकदा."

"कुणाला विचारायचं? वायरमन फोन उचलत नाही. तुम्हाला नको असेल तर सांगा, नारायणगावाहून दुसरी माणसं येतील संध्याकाळी. त्यांना असला काही प्रॉब्लेम नसतो."

हे खरं होतं. ती माणसं आली असती, त्यांना विटाही दिसल्या नसत्या, नुसती मऊ वाळू दिसली असती. गफूरनं पहार उचलली नाही, पण खालीही ठेवली नाही. तिचं टोक वाळूवर टेकलेलं होतं.

सावळेराम काठावर बसला, दोन्ही हातांनी वीणा छातीशी धरली आणि चारीत उतरला. पाय घसरला तशी आरती किंचाळली. गफूरनं पहार फेकली आणि त्याला खांद्याला धरलं. वीणेचा भोपळा मातीपासून चार बोटं वर राहिला.

"वर जा तू," सावळेराम म्हणाला.

"आन् तुमी?"

"माजा पहारा हाय. चारपातुर मी हितं हुबा. मार म्हणावं आता कुणालाबी ठोका."

गफूर वर चढला. सावळेराम त्या वाळूवर उभा राहिला आणि नाम घ्यायला लागला. आवाज चारीतून वर येत होता, त्यामुळं जरा घुमत होता. माणसं काठावर उभी. आता करायचं काय? वीणेकऱ्याला ओढून काढता येत नाही, वीणा हिसकावता येत नाही. आदेशनं फोन केला, दुसरा केला, डोक्याला हात लावला. मळ्यातला कुणी तरी म्हणाला, "साहेब, वायरमनला बोलवाच आता. नायतर सप्ता हितंच उठंल, काल्याचं कीर्तन चारीत करावं लागंल."

चार वाजले. भरत आला, पायाला वावरातली माती. त्याला वाटेतच सगळं समजलं होतं. तो काठावर आला, खाली बघितलं, सदऱ्याला हात पुसले.

"दादा, पहारा संपला तुमचा."

"वायरमन आला का?"

"नाय आला."

"मग मी हालत नाय."

"आवो, तुमी कशाला? पहारा माजा हाय." आणि भरत खाली उतरला. अरुंद जागा, दोघांना धड वाकताही येईना. तरी एकमेकांच्या पाया पडले आणि वीणा ह्याच्या गळ्यातून त्याच्या गळ्यात गेली. काठावरच्या सगळ्या माणसांनी हात जोडले. बयाबाईनंसुद्धा.

वायरमन मोहित पावणेपाचला आला, मोटरसायकलवरून, मागं कागदांची पिशवी. त्यानं चारीत बघितलं, वाळू बघितली, आरतीनं आणून दाखवलेली वीट बघितली आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"भाऊ, वर या. हळू. काही आपटू नका. आन् आत कुणी जाऊ नका आता."

मग भरतकडं नीट बघून म्हणाला, "वीणा घिऊन उतरलात? आवो, तिला बी ताराच हायेत की राव!"

भरत वर आला, नाम चालू ठेवून. मोहितनं सबस्टेशनला फोन लावला. लाइन बंद केली म्हणून तिकडून सांगितलं, तरी त्यानं पुन्हा विचारलं, पुन्हा खात्री केली, मग आपलं यंत्र लावून तपासलं. मळ्यातले पंखे, मोटारी, पिठाची गिरणी सगळं एकदम गप झालं. मगच तो उतरला. पहार नाही, फावडं नाही. हातानं वाळू बाजूला केली. वीतभरसुद्धा जावं लागलं नाही.

काळी केबल दिसली. तिच्या पाठीवर एक ताजा ओरखडा होता, बोटभर लांब. वरचं आवरण चिरलं होतं.

मोहितनं वर बघितलं. "हे कवाचं?"

गफूर काठावर उकिडवा बसला होता. त्यानं स्वतःच्या हाताकडं बघितलं. "तीनच्या सुमाराला. जरा घसरल्यागत झाली पहार. मला वाटलं, मूळ हाय झाडाचं."

"मूळ! अजून एक ठोका बसला असता ना भाई, तर तुमी जागेवर. आन् भाभी धरायला उतरल्या असत्या तर त्या बी. हात लावंल त्यो बी."

 गफूर उठला आणि शेजारच्या टाकीच्या नळाखाली हात धरून बसला. धूत होता, धूत होता. खातून जवळ गेली. "झाले की स्वच्छ," ती म्हणाली. तरी तो धूत होता. तेव्हा तिनं नळ बंद केला, पदरानं त्याचे हात पुसले आणि मग एकदम चिडून म्हणाली, "म्हणे वाळू लागली, चारला घरी! गेला आसतास घरी!" आणि तिथंच रस्त्यावर बसून रडायला लागली. बयाबाई तिच्याजवळ जाऊन बसली. 

संध्याकाळी कीर्तन झालं, पण सावळेरामचं लक्ष नव्हतं. बुवा काय म्हणाले ते त्याला आजही सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं रॉकेलच्या चिंधीनं दगडाचं तोंड पुसलं, रेघ मोकळी केली, आणि मोहितनं दाखवलेल्या जागी तो रोवला. बयाबाई बघत होती. त्याला वाटलं, आता शिव्या घालील. ती म्हणाली, "डोक्याला तरी लावू का शेंदूर? तोंड न्हाई झाकत."

"लाव की आक्का."

पण मन काही थांबलं नाही. लाइनीचे दगड दर थोड्या अंतरावर होते ना? मग बाकीचे कुठं गेले? तो आणि गफूर दोघं दोन दिवस हिंडले. एक कुणाच्या तरी न्हाणीची पायरी झाला होता. एकावर धुणं आपटत होते. दोन सापडलेच नाहीत. ज्यांनी उचलले त्यांना दगडावरची रेघ दिसली होती, आणि तिनं कुणाचं काही अडलं नव्हतं. मोहितनं त्या जागी बांबू रोवून लाल फडकी बांधली आणि कागदावर लिहून नेलं. आदेशनं चारी रस्त्याच्या पलीकडं घेतली. जाताना तो सावळेरामच्या पाया पडला. सावळेराम म्हणाला, "माज्या कशाला पडतोस? तू दगडाला मानलंस, खोटा मी निघालो."

सप्ता उठला त्या दिवशी गफूर आणि खातून काल्याचा प्रसाद घ्यायला आले. टेम्पो रस्त्यावर उभा होता, त्यात पहारी, घमेली, पाण्याचा कॅन. पुढचं काम शिनोलीला होतं, घोडेगावाच्या पुढं, भीमाशंकर रस्त्याला. तिथंही पाइपच टाकायचा होता.

सावळेरामनं त्याच्या हातात लाह्या-दह्याचा द्रोण दिला. "जपून खण."

गफूर हसला, पण डोळे हसले नाहीत. "जपून म्हंजी कसं, बाबा? वरनं माती सगळी सारकीच दिसती. तिकडं बी कुणी तरी दगड हालवला आसंल. त्याला आठवंल का, आन् आठवलं तर त्यो पळत येईल का, मी कुणाला इचारू?"

 टेम्पो सुरू झाला. खातूननं मागून हात केला. सावळेराम मात्र रस्ता मोकळा झाला तरी उभाच होता, आणि दूर कुठं पहारीचा ठोका पडला की आजही तो असाच उठून उभा राहतो, जेवत असला तरी.

माझं एवढंच मागणं आहे. आज घरी जाल, हात जोडाल, घरच्यांची नावं घ्याल, तेव्हा त्यांच्यात एक नाव गफूरचं घ्या. तो आता कुठल्या तरी गावात, कुठल्या तरी चारीत उभा असेल. आणि तुमच्या बांधावरचा एखादा दगड तुम्ही कधी हलवला असेल, तर आजच उठा आणि सांगून या. त्याची आठवण ठेवा, बाबांनो.